परत घेतलेलं पाणी

इंदूरच्या जुन्या वस्त्यांमधल्या बायकांना पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. नळ एक दिवसाआड येतात. टाकी किती भरली, पिंपात किती उरलं, उद्या पाहुणे किती, हे डोक्यात सतत चालू असतं. आणि हे पाणी येतं फार लांबून. मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेचं पाणी उचलायचं, मोठमोठ्या पंपांनी विंध्याचा चढ चढवायचं आणि सुमारे ७० किलोमीटरवर माळव्याच्या पठारावर आणून सोडायचं, अशी ही १९७८ पासूनची व्यवस्था. सकाळी नळाला धार लागली की आमच्या सासूबाई आजही "नर्मदा आली गं" म्हणून हाक मारतात.

मग या घरात पाण्याचा आणखी एक हिशेब सुरू झाला. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि डॉक्टरांनी मला दिवसाला एक लिटरची मर्यादा घालून दिली. चहा, ताक, आमटीचं पाणी, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यात धरून. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मूत्रपिंडाचा धडा दरवर्षी शिकवत आले आहे. पण या अवयवाचं काम जेव्हा माझ्या आणि घरच्यांच्या अंगावर येऊन पडलं, तेव्हा त्यातल्या एकेका ओळीचं वजन कळलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

पाठ्यपुस्तकात हे काम एका वाक्यात उरकतात: रक्तातले टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे. वाक्य खरं आहे, पण आश्चर्याची सगळी गोष्ट त्याच्या बाहेर राहते. एकेक मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅमचं. हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं, त्यातलं सव्वा लिटरच्या आसपास रक्त या दोन चिमुकल्या अवयवांकडे जातं. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याच्या सूक्ष्म नळ्या, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता. त्या गुंत्यातून रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे ठेवून पाणी, मीठ, साखर, युरिया असं सारं गाळून बाहेर पडतं. किती? दिवसाला सुमारे १८० लिटर. आपल्या अंगातल्या रक्तात द्रव भाग असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तेच ३ लिटर दिवसातून साठेक वेळा गाळले जातात. आणि लघवी होते दीड लिटर. उरलेलं सगळं, १७८ लिटरहून जास्त, परत रक्तात घेतलं जातं.

काही घरांत दिवाळीच्या साफसफाईची एक रीत असते. कपाटात हात घालून नको ते शोधत बसायचं नाही. सगळं सामान ओसरीवर काढायचं आणि हवं तेवढंच मोजून आत न्यायचं. मूत्रपिंडाची रीत हीच आहे. वरवर पाहता ती उधळपट्टीची वाटते. पण तिचा एक मोठा फायदा आहे. बाहेर काय टाकायचं याची यादी शरीराला ठेवावी लागत नाही. माणसाच्या पूर्वजांनी कधी न चाखलेला एखादा पदार्थ आज पोटात गेला, तर तो गाळून बाहेर पडतो आणि त्याला परत घेणारं कुणी नसल्यामुळे निघून जातो. ओळख ठेवायची ती आपल्या वस्तूंची. मला हा विचार शिकवताना नेहमी आवडायचा. आजारी पडल्यावर तो आधार वाटू लागला, कारण माझं शरीर नेमकं कुठे अडलंय हे त्यातून समजत होतं.

हे परत घेणं टप्प्याटप्प्याने होतं. नळीच्या पहिल्याच वळणांत दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत जातं, साखर तर सगळीच. तिथे फारसा विचार नाही, घाऊक काम आहे. मग नळी मूत्रपिंडाच्या खोल भागात उतरते आणि वळून वर येते. ही जी उतरण-चढण आहे, तिच्यामुळे त्या खोल भागात मीठ आणि युरिया साचून राहतात. अगदी आत खारटपणा रक्ताच्या चौपट होतो. शेवटची नळी याच खारट मुलखातून खाली जाते. तिच्या भिंतीतून पाणी जाऊ दिलं, तर बाहेरचा खारटपणा ते ओढून घेतो आणि लघवी घट्ट, गडद होते. जाऊ दिलं नाही, तर ते पाणी तसंच बाहेर पडतं.

जाऊ द्यायचं की नाही, हे ठरतं मेंदूत. मेंदूच्या तळाशी काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत जोखत असतात. तो एखाद-दुसऱ्या टक्क्याने वाढला तरी त्यांना कळतं. मग दोन गोष्टी होतात. तहान लागते, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते शेवटच्या नळीपाशी पोचलं की तिथल्या पेशी आत ठेवलेल्या पाण्याच्या वाटा काही मिनिटांत भिंतीवर आणून बसवतात. या वाटांना अॅक्वापोरिन म्हणतात. पीटर अॅग्री यांना त्यांच्या शोधासाठी २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मे महिन्यात शाळेतून घरी आल्यावर लघवी थोडी आणि गडद होते, आणि श्रावणात चहा जास्त झाला की भरपूर आणि पाण्यासारखी, या दोन्हींच्या मागे याच वाटांची ये-जा असते. निरोगी मूत्रपिंड दिवसाची घाण अर्ध्या लिटरमध्ये बसवू शकतं आणि गरज पडली तर दहा लिटरहून जास्त पाणीही बाहेर काढू शकतं. एवढी मोठी मोकळीक आपल्याला मिळालेली असते, म्हणून तर आपण पाणी पिताना कधी विचार करत नाही.

माझा आजार आयजीए नेफ्रोपॅथी. रोगप्रतिकारासाठी बनलेली प्रथिनं नेफ्रॉनच्या त्या गुंत्यांत अडकून बसतात आणि वर्षानुवर्षं सूज धरत राहते. दुखत काहीच नाही. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचा आकडासुद्धा निम्म्याच्या आसपास काम बंद पडेपर्यंत फारसा हलत नाही. माझ्याकडे आधी आली ती रात्रीची जाग. एकदा, मग दोनदा लघवीला उठावं लागायचं. नंतर त्याचा अर्थ समजला. दुबळं होत जाणारं मूत्रपिंड पाणी राखण्याची ताकद आधी घालवतं. रात्री लघवी घट्ट करून ठेवणं त्याला जमेनासं होतं. पाणी बाहेर टाकण्याची ताकद जाते ती बरीच नंतर. पहिल्या काळात भरपूर लघवी होत असते, त्यामुळे आजूबाजूचे म्हणतात, "लघवी तर छान होते आहे, मग किडनीला काय धाड भरली?" लघवी होते आहे म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, हे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं. रक्तदाब मोजा, लघवीतलं प्रथिन तपासा. ही तपासणी स्वस्त आहे आणि गल्लीतल्या लॅबमध्येही होते.

काही वर्षं औषधांनी तग धरला. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या नेफ्रॉनच्या गुंत्यातला दाब उतरवतात, त्या तर होत्याच. पुढे डापाग्लिफ्लोझिन आलं. हे मुळात मधुमेहाचं औषध. नळीच्या पहिल्या वळणात साखर आणि तिच्याबरोबर थोडं मीठ परत घेण्याचं काम ते अडवतं, आणि त्यामुळे मधुमेह नसलेल्यांच्याही मूत्रपिंडाची झीज मंदावते असं दिसून आलं. याचं मूळ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या एका पदार्थात आहे. ज्यांचा आजार आज सुरुवातीला आहे, त्यांच्या हातात दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या रुग्णांपेक्षा खूप जास्त आहे. माझ्या बाबतीत वेळ मिळाला, पण आजार थांबला नाही.

डायलिसिस सुरू झालं आणि तहानेशी खरी गाठ पडली.

उन्हाळ्यातल्या तहानेला शेवट असतो. माठाचं पाणी प्यालं की ती जाते. ही तहान पाणी प्यायल्याने जायची नाही, कारण तिचं कारण पाण्यात नव्हतंच. केंद्रात माझ्या शेजारच्या खाटेवर धारचे एक आजोबा असायचे, बरीच वर्षं डायलिसिसवर असलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "बेटा, पानी मत गिन, नमक गिन." रात्री घरी येऊन मी हिशेब मांडला आणि ते किती बरोबर आहेत ते पाहून थक्क झाले. रक्ताच्या द्रवात मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं. साधारण ८ ते ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि ते बाहेर टाकणारं कुणी नसलं, तर खारटपणा मूळ पातळीवर यायला एक लिटर पाणी लागतं. मेंदूतल्या त्या पेशी ते लिटर मागणारच. त्यांना मूत्रपिंड गेल्याचं माहीत नसतं, त्या आपलं काम चोख करत असतात. मग माणूस कितीही निग्रहाचा असो, रात्री दोन वाजता उठून तो पाणी पितोच. पाणी पिणारा दोषी ठरतो आणि मीठ मात्र नामानिराळं राहतं.

आणि आम्ही राहतो इंदुरात! इथे पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन नावाचा चटपटीत मसाला. वरणभातावर शेव, दहीवड्यावर शेव, नुसती बशीतही शेव. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला भुट्ट्याचा कीस खायचा तर त्यावरही चिमूटभर जीरावन पडणार, आणि जीरावनात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही. मला या गावाच्या खाण्याचा अभिमान आहे. म्हणूनच सांगते, आपल्या रोजच्या ताटात भाजीतल्या मिठापेक्षा वरून येणारं मीठ किती असतं, हे एकदा मोजून पाहावं. सासूबाईंनी ते मोजलं. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण त्यांनी महिन्याभरात घरातलं पापड, लोणचं आणि शेव एका कपाटात बंद केलं आणि माझी भाजी आधी काढून मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ घालायला सुरुवात केली. लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं, हिंग यांवर त्यांनी माझी जीभ वळवली. तहान खरोखर उतरली. दोन डायलिसिसच्या मधे जे वजन तीन किलोंनी वाढायचं, ते दीडवर आलं.

मिठाच्या बाबतीत दोन सापळे आहेत, ते इथेच सांगून ठेवते. उपवासाचं सैंधव औषधी म्हणून काही घरांत मोकळ्या हाताने घालतात. तेही सोडियम क्लोराइडच आहे, तहान तेवढीच लागते. आणि 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे पाकीट मिळतं, त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालेल, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या हृदयाला ते थांबवू शकतं. पोटॅशियम बाहेर टाकण्याचं कामही मूत्रपिंडाचंच. म्हणून आमच्याकडे भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. नारळपाणी बंद. थंडीतले गराडू, म्हणजे तळलेला कंद, बंद. एकादशीला बटाटा आणि शेंगदाणे, म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरस यांची जोडी, तेव्हा एकादशीही सुटली. सासूबाईंनी माझ्या वाटची केली.

तेव्हा मला त्या धड्यातलं वाक्य नव्याने दिसलं. मूत्रपिंड ठरवत असतं. दर मिनिटाला, हजार बाबतींत, काय राखायचं आणि काय सोडायचं. ते थांबलं की ठरवण्याचं काम संपत नाही, ते स्वयंपाकघरात येतं. सासूबाईंच्या चमच्यावर, नवऱ्याने भिंतीवर लावलेल्या वजनाच्या कागदावर, मुलीने पट्टीने खूण केलेल्या माझ्या बाटलीवर येतं.

यंत्राबद्दल मला कृतज्ञताच आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कॅम्पेन नावाच्या छोट्या गावी पहिलं चालणारं यंत्र उभं केलं. लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा, त्याभोवती सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळलेली, आणि खाली मिठाच्या पाण्याची टाकी. नळीतून रक्त जायचं आणि युरिया पातळ पडद्यातून पाण्यात उतरायचा. पहिल्या सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सगळे गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि जगली. त्या काळात त्या माणसाने हिंमत कशी टिकवली असेल, हा विचार मी सुया टोचून घेताना पुष्कळदा केला आहे. पुढे १९६० मध्ये सिएटलमध्ये स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायमची नळी ठेवण्याची युक्ती काढली आणि त्यामुळे हा उपचार वर्षानुवर्षं घेता येऊ लागला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटापाशी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करण्याची पद्धत मांडली. आज जगभर तीच उत्तम मानतात. माझ्या डाव्या मनगटात तोच आहे. बोट ठेवलं की आत रक्ताची घरघर लागते, आणि ती लागते की नाही हे रोज सकाळी पाहायचं असतं. त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यात घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी माझा मोकळा डावा हात पाहून काळजीने विचारलं, तेव्हा मी त्यांचं बोट त्या घरघरीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

यंत्राला लागणाऱ्या पाण्याचीही गोष्ट आहे. पडद्याच्या पलीकडून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव वाहत असतो. चार तासांत १२० लिटर. मी दिवसाला एक लिटर पिणार, आणि माझ्या रक्ताशेजारून एका बैठकीत १२० लिटर जाणार! पोटात गेलेल्या पाण्यातलं नको ते आतडं अडवतं, इथे मधे फक्त एक पातळ पडदा. म्हणून पाणी कोळशातून नेऊन क्लोरिन आणि क्लोरामाइन काढावं लागतं, मग आरओ. सत्तरच्या दशकात पाण्यातल्या अॅल्युमिनियममुळे काही देशांत डायलिसिसच्या रुग्णांची हाडं आणि स्मरणशक्ती गेली, तेव्हापासून या शुद्धीकरणाचं महत्त्व जगाला कळलं. केंद्रातल्या मागच्या खोलीत तो आरओ सांभाळणारा मुलगा मला डॉक्टरांइतकाच मोठा वाटतो. त्याला भेटून मी तसं सांगितलंही.

पण यंत्राला ठरवता येत नाही. त्याला आकडा सांगावा लागतो: आज दोन लिटर काढ. ते दोन लिटर काढतं. हा आकडा येतो 'ड्राय वेट'वरून, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. ते अंदाजानेच ठरतं. जेवण सुधारून अंगावर थोडं मांस आलं तर ते वजन बदलतं, आणि यंत्राला चरबी कुठली, पाणी कुठलं हे उमगत नाही. जास्त ओढलं की पोटऱ्यांत असे गोळे येतात की माणूस ओरडतो, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे काळोख येतो. कमी ओढलं तर रात्री आडवं होता येत नाही. किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, असं सांगतात, कारण त्याहून वेगाने काढलेल्या पाण्याची किंमत हृदय मोजतं. मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास हळूहळू जे करतं, ते १२ तासांत उरकायचं, तर ओढाताण होणारच. तेही आठवड्यातून तीनदा परवडलं तर. झाबुआ, अलीराजपूर, खंडवा इथून येणारे कितीतरी लोक दोनदाच यायचे. २०१६ पासून सरकारी योजनेत जिल्हा रुग्णालयांत गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागलं, हे फार मोठं काम झालं आहे. पण गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि रक्त वाढवायचं इंजेक्शन यांचा खर्च उरतोच. रक्तपेशी बनवण्याचा निरोप हाडांना मूत्रपिंडच देतं, त्यामुळे ते इंजेक्शन टाळता येत नाही.

लांबच्या पाड्यांवरच्या लोकांसाठी पोटाचं डायलिसिस अधिक सोयीचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. पोटाच्या आतल्या पडद्याचाच वापर. दोनेक लिटर द्रव नळीने पोटात भरायचा, काही तास ठेवायचा आणि काढून नवा भरायचा. त्यातली साखर पाणी ओढून घेते. रोज, हळूहळू, घरीच, म्हणून हृदयावर ताण कमी. हात स्वच्छ ठेवणं आणि पिशव्या वेळेवर मिळणं एवढं सांभाळावं लागतं. या पिशव्या गावोगाव पोचवण्याची सोय झाली, तर आठवड्यातून तीनदा बसने दीडशे किलोमीटर येणं वाचेल. आपल्याकडे ती पद्धत इतकी कमी का वापरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

माझा रक्तगट ओ. नवऱ्याचा बी. प्रत्यारोपणासाठी आपलं एक मूत्रपिंड मला द्यायची त्यांची फार इच्छा होती, पण ते जुळत नव्हतं. देवासहून आई आली. तिने साठी ओलांडली होती. "माझं काढा," म्हणाली, जसं काही बोलणंच व्हायचं बाकी होतं. तपासण्या चालल्या. दोन मूत्रपिंडांपैकी कोणतं किती काम करतं हे मोजतात, आणि चांगलं असेल ते देणाऱ्याकडे ठेवतात. हा नियम ऐकून मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे कागदपत्रं झाली. "कुणी दबाव आणला आहे का?" असं आईला एकटीला बसवून विचारलं. "मीच हिच्यामागे लागले आहे," असं तिने सांगितल्याचं तिथल्या समाजसेविकेने मला नंतर हसत सांगितलं.

आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला. मुलीसाठी, सुनेसाठी घर एवढं हलत नाही. केंद्रात माझ्याबरोबरच्या काही बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. मला मिळालं हे माझं भाग्य म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही. मृत्यूनंतरचं अवयवदान वाढलं तर या हिशेबातून घरातल्या बायकांची सुटका होईल. इंदुरात २०१५ पासून मेंदूमृत रुग्णांच्या अवयवांसाठी पोलीस रस्ते मोकळे करतात. रुग्णवाहिका विमानतळाकडे जाताना लोक कडेला उभे राहतात. हृदय आणि यकृत कधी दूरच्या शहरांत जातात, मूत्रपिंडं बहुधा इथल्याच कुणाला मिळतात. या गावाने हे काम आपलं मानलं आहे. आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्यांनी नोंद केली आहे, सासूबाईंनीही.

मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. हुबेहूब सारख्या जुळ्या भावांमध्ये, कारण तेव्हा शरीराचा नकार थोपवणारं औषध नव्हतं. आज मी सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने टॅक्रोलिमस घेते. जपानच्या सुकुबा पर्वताच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. माझी जुनी मूत्रपिंडं काढलेली नाहीत. आईचं खाली उजव्या कुशीत, मांडीच्या वर बसवलं आहे.

शस्त्रक्रियेनंतर जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. लघवी सुरू झाली आणि थांबेचना. पहिल्या दिवसात लिटरच्या लिटर. नर्स दर तासाला मोजायच्या आणि तेवढंच सलाइन द्यायच्या. थंड पेटीत राहून आलेल्या त्या नळ्यांना गाळता येत होतं, पण परत घेता येत नव्हतं. शिवाय रक्तात साचलेला युरिया बाहेर पडताना पाणी ओढून नेत होता. डॉक्टर निश्चिंत होते. दोन-तीन दिवसांत धार कमी झाली, आणि एका सकाळी नर्सने पिशवी उचलून दाखवली: लघवी पिवळी, घट्ट. कुणाला ती पाहून आनंद होईल असं मला कधी वाटलं नसतं. माझा ऊर भरून आला. नळ्या परत घेऊ लागल्या होत्या.

प्रत्यारोपण करताना रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू जोडत नाहीत. तरी ते मूत्रपिंड माझ्या मेंदूचं ऐकतं, कारण व्हॅसोप्रेसिनचा निरोप रक्तातून जातो. माझ्या मेंदूने खारटपणा जोखायचा आणि आईच्या नळ्यांनी वाटा उघडायच्या. एवढी वर्षं शिकवलेल्या धड्यात यापेक्षा सुंदर काही मला आढळलेलं नाही.

आता मला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं असतं. सुरुवातीला ते जायचंच नाही, पेला अर्धा झाला की हात थांबायचा. मुलगी समोर बसून संपवायला लावायची. मीठ मात्र अजून बेतानेच. ती सवय सासूबाईंनी सगळ्या घराला लावली, त्यामुळे त्यांचा स्वतःचा रक्तदाबही उतरला.

आईकडे उरलेलं मूत्रपिंड आता आकाराने थोडं वाढलं आहे. काही आठवड्यांतच त्याने दोघांच्या मिळून होणाऱ्या कामापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास काम उचललं, असं बहुतेक दात्यांत होतं. तिने अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन तपासायचं. घेणाऱ्याची तपासणी कुणी चुकवत नाही, देणाऱ्याची राहून जाते. "मला काय झालंय?" असं ती या वर्षीही म्हणाली. मी लॅबची तारीख घेतली आहे, रविवारी देवासला जाऊन तिला घेऊन येते.